आरसा किती वर धरायचा

चाळीसएक वर्षं मी मालवणच्या बाजारात माणसांच्या पाठीमागे उभा राहिलो. लोक समोरून कसे दिसतात ते त्यांच्या बायका सांगतील. मागून कसे दिसतात ते मला विचारा.

या अंकाचे संपादक माझं जुनं गिऱ्हाईक. "वामनराव, सलूनमधले अनुभव लिहा," असं ते म्हणाले तेव्हा मला पहिला संशय हाच आला, की आपल्या डोक्याविषयी मी काय लिहितो ते छापण्याआधी वाचून घ्यायचा हा डाव आहे. म्हणून आधीच सांगतो, साहेब, तुम्ही यात नाही. निश्चिंत छापा.

संशय हा माझा स्वभाव नव्हता, तो धंद्याने लावला. खुर्चीत बसलेला माणूस गळ्याला कापड बांधलं की खरं बोलतो असं म्हणतात. मला तसं कधी दिसलं नाही. तो आरशाकडे बघून बोलतो, म्हणजे स्वतःलाच पटवत असतो. "केस थोडे गळतत, पाण्याचा दोष," असं कोणी म्हणाला की मी मान डोलवायचो आणि हळूच त्याच्या भोवऱ्याकडे बघायचो. पाण्याचा दोष असता तर त्याच विहिरीचं पाणी पिऊन त्याच्या बायकोची वेणी कमरेपर्यंत कशी पोचली?

टक्कल दोन बाजूंनी येतं. एक कपाळाच्या दोन कोपऱ्यांतून मागे सरकतं. ते माणसाला स्वतःला दिसतं, म्हणून तो भांग बदलतो. दुसरं भोवऱ्यावर पडतं, आणि ते त्याला दिसत नाही. आधी केसांची संख्या कमी होत नाही, केस बारीक होतात. बोटांत धरले तर जावळासारखे मऊ लागतात. हे पहिल्यांदा न्हाव्याच्या बोटांना कळतं. घरच्यांना कळायला आणखी दोन-तीन वर्षं जातात.

आता केस कापून झाले की न्हावी हातातला छोटा आरसा मागे धरतो आणि गिऱ्हाईक समोरच्या मोठ्या आरशात आपली मान बघून "हां, बरा" म्हणतो, हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. पण तो आरसा किती वर धरायचा हे न्हावी ठरवतो. मानेपाशी धरला तर मानेवरची रेघ दिसते, कानामागची कड दिसते. चार बोटं वर नेला की भोवरा दिसतो. ज्याचा भोवरा उघडा पडायला लागला त्याच्यासाठी आरसा खाली धरायचा, हे मला माझ्या वडिलांनी शिकवलं. "माणूस हंय बरो दिसूक येता. तेका दुःख घरी बक्कळ आसा," असं ते म्हणायचे. मला ते पटलं होतं. विलासच्या प्रकरणापर्यंत मी त्यात वावगं काही पाहिलं नाही.

विलास म्हणजे आबा मास्तरांचा एकुलता एक मुलगा. आबा प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, आमच्या गल्लीच्या टोकाला राहायचे. त्यांच्या डोक्यावर कानापासून कानापर्यंत केसांची एक झालर होती, वरती गुळगुळीत. कापायला पाच मिनिटं लागत आणि गप्पांना तासभर. तिशीतच त्यांचं असं झालं होतं आणि त्यांना त्याची खंत अशी कधी दिसली नाही. शाळेत मुलं त्यांना मागे काय म्हणत ते त्यांना ठाऊक होतं आणि ते स्वतःच सांगून हसत. विलासचं जावळ मीच काढलं. पुढे पहिली दाढीही माझ्याच खुर्चीत झाली. नवा जिल्हा झाल्यावर ओरोसला कचेऱ्या सुरू झाल्या, तिथे तो क्लार्क म्हणून लागला. सकाळच्या एसटीने कसालमार्गे जायचा, संध्याकाळी यायचा. पोरगा देखणा, उंच, केसांचा भारी शौकीन. खिशात कंगवा असायचाच.

बाविसाव्या वर्षी त्याचा भोवरा माझ्या बोटांना मऊ लागला. मी आरसा खाली घेतला. पुढच्या महिन्यात आणखी एक बोट खाली. असं दोन वर्षं चाललं.

मग एक दिवस तो भर दुपारी आला. बसला नाही. हातात फोटो होता. कोणाच्या तरी लग्नात फोटोग्राफरने स्टुलावर उभं राहून पंगतीचा फोटो घेतलेला. सगळे मान खाली घालून जेवताहेत, आणि मधल्या पानावर एक भोवरा लख्ख चमकतोय.

"वामनकाका, ह्यो कोण?"

मी फोटो हातात घेतला.

"फोटो घराक इलो तेवा मी आवशीक इचारलंय, आबा ह्या पंगतीत केवा बसले? ती म्हणाली, आबा खंय लग्नाक इले होते? तो तू रे." तो हसला नाही. "माका माझा डोक्या वळाखता इला नाय, काका. तुमका ठावक होता?"

"होता."

"केवापासून?"

"दोन वर्सां झाली."

"म्हणजे आरसो तुमी मुद्दाम खाली धरीत होतास."

दुकानात दुसरं एक गिऱ्हाईक बसलं होतं, त्याने वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "एकदा गोटो कर. दाट येतीत." हे मी आयुष्यात शंभर जणांना सांगितलं असेल आणि ते खोटं आहे हे मला शंभर वेळा ठाऊक होतं. गोटा केल्यावर वाढणारा केस टोकाला बोथट असतो म्हणून हाताला खरखरीत लागतो, एवढंच. दाट होत असता तर रोज दाढी करणाऱ्यांच्या गालावर आतापर्यंत रान माजलं असतं. पण न्हाव्याने काहीतरी उपाय सांगावा असं लोकांना वाटतं, आणि आपल्यालाही गप्प बसवत नाही.

त्याने खरंच गोटा केला. ओरोसच्या कचेरीत गेला तर जो तो टेबलापाशी येऊन खालच्या आवाजात विचारी, "वडील गेले का हो? कळलंच नाही." साहेबांनी तर त्याला बोलावून धीर दिला. संध्याकाळी तो संतापून माझ्या दुकानात आला, तेव्हा आबा खुर्चीतच होते. ऐकून ते इतके हसले की मला कात्री बाजूला घ्यावी लागली. "अरे, मी जिवंत आसंय म्हणान तुझ्या साहेबाक चिठी लिवन देव काय?" विलास तसाच निघून गेला. केस आले ते पूर्वीइतकेच पातळ. त्यानंतर त्याने माझ्या एकाही शब्दावर विश्वास ठेवला नाही, आणि ते त्याचं बरोबर होतं.

उपाय मात्र त्याने सोडले नाहीत. म्हापशाच्या बाजारातून तेलाची बाटली आली. कांद्याचा रस झाला, त्या महिन्यात एसटीत त्याच्या शेजारची जागा रिकामी राहायची. दोडामार्गाकडच्या कोणी जाणत्याने एक लेप दिला, त्याने डोक्याला फोड आले. ते फोड आले म्हणजे औषध "लागू पडतंय" असंही त्याला सांगण्यात आलं. मला हे वाक्य फार संशयास्पद वाटतं. बरं वाटलं तर औषध लागू, वाईट वाटलं तरी लागू.

एकदा आठवडी बाजारात एक वैदू आला होता. हिमालयातल्या मुळ्या, रंगीत बाटल्या, आणि मागे पडद्यावर फोटोंच्या जोड्या. आधी टक्कल, नंतर कुरळे केस. गर्दी बरीच झाली होती, त्यात विलास पुढे. मी मागून बघत होतो. मला केसांपेक्षा कान बघायची सवय. केस येतात जातात, दाढी वाढते, माणूस सुटतो, सुकतो, पण कान बदलत नाहीत. पाळी सुटी असेल तर सुटीच राहते, चिकटलेली असेल तर मरेपर्यंत चिकटलेली. त्या जोड्यांतल्या एकाही जोडीतले कान एकमेकांशी जुळत नव्हते. मी ओरडून सांगितलं, "अरे, कान बगा! हे दोगे येगळे आसत!"

वैदू तरबेज होता. त्याने माझ्या खांद्यावरचा टॉवेल पाहिला आणि गर्दीला विचारलं, "हा कोण? न्हावी? मग याला आपलं तेल खपवायचं असेल." माझ्या दुकानात तेव्हा आवळ्याच्या तेलाच्या चार बाटल्या होत्या हे सगळ्यांना ठाऊक. लोक हसले. विलासने माझ्याकडे बघत बघत दोन बाटल्या घेतल्या. त्यानंतर मी आवळ्याच्या तेलाच्या बाटल्या काढून टाकल्या.

टोपाचाही विषय निघाला होता. आमच्याकडे बोटीवर नोकरीला असलेला एकजण मुंबईहून केसांचा टोप करून घेऊन आला होता. तो दुपारी दुकान रिकामं असताना यायचा, दार ओढून घ्यायला सांगायचा, आणि टोप काढून माझ्या उलट्या तांब्यावर घालायचा. "मागसून वायच कमी करा." डोकं बाजूला ठेवून केस कापून घेणारं ते माझं एकच गिऱ्हाईक. मी विलासला त्याच्याविषयी नाव न घेता सांगितलं. तो म्हणाला, "लग्नानंतर तांब्यार ठेवतलंय तेवा बायको काय म्हणतली?"

लग्न हेच त्याचं दुखणं होतं. कुडाळकडची एक मुलगी सांगून आली होती. शिक्षिका, घर चांगलं. विलास तिला एकदा बघून आला आणि तिथेच मन ठेवून आला; पुढे साखरपुडाही ठरला. फोटोचा प्रकार झाल्यापासून त्याला एकच भीती बसली होती, की साखरपुड्याला खाली वाकून नमस्कार करावा लागेल, तेव्हा सगळ्यांना दिसेल. जेवताना, पाया पडताना, चप्पल घालताना तो मान ताठ ठेवायचा. लोकांना वाटे पोराला गर्व झाला.

शेवटी आबाच त्याला कोल्हापूरला कातडीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. काय झालं ते आबांनी मला खुर्चीत बसून सांगितलं.

"डॉक्टरांनी तेच्याकडे बगूकच नाय. माझ्याकडे बघल्यांनी आणि म्हणाले, 'याला औषध शोधायचं तर आधी वडील बदलायला हवेत.'"

पण डॉक्टर प्रामाणिक होते, हे मला ऐकूनच पटलं, कारण त्यांनी काहीच विकलं नाही. त्यांनी सांगितलं की हे रक्तातून येतं, आईकडून, बापाकडून, दोन्हीकडून येऊ शकतं. पुरुषाच्या शरीरातल्या रसाला डोक्यावरची काही मुळं हळवी असतात, ती दर खेपेला आधीपेक्षा बारीक केस देतात. कानामागची मुळं तशी हळवी नसतात, म्हणून झालर राहते. टोपीने, पाण्याने, वाऱ्याने, काळजीने हे होत नाही आणि तेलाने जात नाही. मुंबईत मागचे केस मुळासकट पुंजक्यांनी काढून पुढे लावतात, पण ते बाहुलीच्या केसांसारखे ओळीत दिसतात. परदेशात ब्लडप्रेशरच्या एका गोळीने रोग्यांना केस यायला लागले, म्हणून आता त्याच औषधाचं लावायचं पाणी तिकडे निघालं आहे. ते थोडं काम करतं, सगळ्यांना नाही, आणि लावायचं सोडलं की आलेले केस जातात. इथे ते अजून सहज मिळत नाही. "आणि गोळी पोटात घ्यायची नाही," हे त्यांनी बजावून सांगितलं.

विलासने यातलं काय ऐकलं? गोळीने केस येतात, एवढंच.

साखरपुड्याच्या महिनाभर आधीची गोष्ट. मी त्याची दाढी करत होतो. सहा वर्षं त्या गालावर माझा वस्तरा फिरत होता, त्याच्या गालाचा नकाशा मला पाठ. त्या दिवशी डोळ्यांखाली, जिथे कधी लव नव्हती तिथे, काळे केस लागले. भुवयांच्या मधे केस. कानाच्या कडेवर केस. पोरगा पंचविशीचा आणि कान साठीच्या म्हाताऱ्याचे! पापण्या सुजल्यासारख्या होत्या. मला चमत्कारिक वाटलं, पण मी काही विचारायच्या आधी तोच म्हणाला,

"काका, आज आरसो वर धरा."

मी धरला. चार बोटं वर, सगळा भोवरा दिसेल असा. आणि काय सांगू, भोवऱ्यावर काळी लव उगवली होती. खरी. मी बोट फिरवून पाहिलं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? तीस वर्षांत गेलेला केस परत आलेला मी पहिल्यांदा पाहत होतो. आणि त्याच क्षणी संशयही आला, कारण तीस वर्षांत जे झालं नाही ते फुकट होणार नाही.

"काय लायलंस?"

"लायलंय नाय. खातंय." त्याचा चुलतभाऊ बोटीवर होता, त्याने कुठल्याशा बंदरातून गोळ्या आणून दिल्या होत्या. "रोज एक. आता दोन घेतंय, साखरपुडो जवळ इलो."

"डॉक्टरान नको म्हणान सांगितल्यान ना?"

"डॉक्टराच्या डोक्यार केस होते, काका."

मी त्याच्याकडून रिकामं पाकीट मागून घेतलं आणि औषधाच्या दुकानात दाखवलं. दुकानदार माझा मित्र. तो वाचून म्हणाला, "ही कोणाक दिलीत? ज्येचा प्रेशर कसल्याच औषधान उतरत नाय तेका देतत ही, ती पण डॉक्टराच्या नजरेखाली. धडधाकट माणसाक दिलास तर काळजार येतला."

मी विलासला माझ्या दुकानात गाठून हे सांगितलं. त्याने शांतपणे कंगवा फिरवला. मग आरशातूनच माझ्याकडे बघून म्हणाला,

"काका, तुमी गप रवाक हुशार आसास. दोन वर्सां गप रवलास. आता तीन आठवडे रवा."

 खुर्चीतली गोष्ट खुर्चीत ठेवायची हा आमच्या धंद्याचा नियम. तो मोडला तर गावात न्हाव्याला कोणी मान देणार नाही, अक्षरशः. आणि मनात एक मेला संशय असाही होता, की मी घाबरतोय ते त्याच्या जिवासाठी की माझ्या शब्दाला किंमत राहिली नाही म्हणून? त्या विचारात मी आठ दिवस घालवले. ते आठ दिवस मला अजून टोचतात.

नवव्या दिवशी तो दाढीला आला. चेहरा फुगलेला, मोज्याचा काठ पायात रुतलेला. मी साबण लावला, उजवा गाल केला, आणि गळ्याखालची करायला खुर्ची मागे कलती केली. तो धडपडून उठून बसला.

"खुर्ची सरळ करा, काका. निजलंय काय दम लागता."

दाढीला मागे कलल्यावर गिऱ्हाईक झोपतं. काहीजण घोरतात. दम लागलेला मी तोवर पाहिला नव्हता. त्याच्या मानेतली शीर डोळ्यांना दिसेल अशी उडत होती. मी वस्तरा पुसला, मिटला, खिशात घातला.

"बस हंयच. इलंय."

"खंय चललास? अर्धी दाढी..."

"म्हणानच."

बाजाराचा दिवस होता, रस्ता माणसांनी भरलेला. अर्धा गाल गुळगुळीत आणि अर्ध्यावर साबण, अशा अवस्थेत विलास मालवणच्या बाजारातून चालत जाणार नाही हे मला ठाऊक होतं. त्याचा दिखाऊपणा त्या दिवशी माझ्या कामाला आला. दुकानातला दुसरा वस्तराही मी उचलून नेला. आबांच्या घरापर्यंत मी पळत गेलो. आबा ओटीवर सुपारी कातरत होते. मी सगळं सांगितलं, आरशापासून गोळीपर्यंत. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला आणि उघड्या अंगाने तसेच निघाले.

दुकानात विलास तसाच बसला होता, साबण सुकून गालावर पांढरा झालेला. बापाला बघून तो मला म्हणाला, "आबांका दाखवलास ना शेवटी." त्याच्या आवाजात राग कमी आणि शीण जास्त होता.  आबा माझ्याकडे हात पुढे करून म्हणाले, "वामन, वस्तरो दी." आणि त्या म्हाताऱ्या मास्तराने मुलाचा उरलेला गाल स्वतः केला. दोन ठिकाणी कापलं. मी तुरटी लावली. मग आम्ही दोघांनी त्याला गाडीत घातलं.

इस्पितळात काळजाभोवती पाणी साठल्याचं सांगितलं. आणखी आठवडाभर उशीर झाला असता तर काय, ते डॉक्टर बोलले नाहीत. गोळी बंद झाली, पाणी उतरलं, महिन्याभरात तो चालता झाला. गालावरचे केस गेले. भोवऱ्यावरची लवही गेली.

आणि साखरपुडा मोडला. टकलाची गोष्ट कुडाळच्या घरी आधीपासून ठाऊक होती. त्यांच्याच घरात दोन टकले होते, त्यांना त्याचं काही नव्हतं. पण मी बाजारातून पळत गेलेलं शंभर माणसांनी पाहिलं होतं, आणि "मास्तराच्या झिलाच्या काळजात पाणी झाला" ही बातमी तो घरी यायच्या आत कुडाळला पोचली. केस नसलेला जावई त्यांना चालला असता, हृदयाचा रोगी चालला नाही. मी जीव वाचवला असं आबा म्हणायचे. विलास काय म्हणत असेल ते मला विचारायची गरज नव्हती. तो पुढे तीन वर्षं कसालला उतरून तिथल्या सलूनमध्ये दाढी करायचा. माझ्या दुकानासमोरून जाताना रस्त्याची पलीकडची बाजू धरायचा. त्याचं पुढे लग्न झालं, बायको चांगली मिळाली, मला पत्रिका आली नाही. मला वाईट वाटलं. पण जिवंत माणूस रागावतो, एवढं समाधान मी करून घेतलं.

मग आबा गेले. झोपेतच गेले. नवव्या दिवशी त्यांच्या घरून निरोप आला, दहाव्याच्या क्षौराला या. गावात आता तीन सलूनं होती, तरी निरोप माझ्याकडे आला. मला वाटलं, विलासच्या आईने पाठवला असेल. विलासला विचारलं नसेल.

खाडीच्या काठावर भावकीतले सगळे जमले होते. एकेकाचं करत मी शेवटी विलासकडे आलो. तो पाटावर माझ्यापुढे बसला आणि त्याने मान खाली घातली. पूर्ण. इतक्या वर्षांत त्याने कोणापुढे एवढी मान वाकवलेली मी पाहिली नव्हती. वरती करण्यासारखं फारसं नव्हतंच. मी पाणी लावलं, झालर काढली, मिशी काढली.  त्याच्या खांद्यांवरून मला कळत होतं की तो रडतोय. झाल्यावर मी टॉवेलने डोकं पुसलं आणि सवयीने माझा हात पिशवीकडे गेला. दहाव्याच्या क्षौराला आरसा नेत नाहीत. पिशवीत वस्तरा आणि वाटी, दुसरं काही नव्हतं.

विलासला ते कळलं असावं. मागे न वळता तो म्हणाला, "आरसो नको, काका."

मी पिशवी बाजूला ठेवली.

"तुमी आबांका मागसून बघलास ना इतकी वर्सां?" तो म्हणाला. "आबांसारखो दिसतंय काय ओ?"

माझ्या आतला जुना संशयी माणूस लगेच जागा झाला. हा मला तपासतोय का? बरं वाटेल ते सांगतो की खरं, ते बघतोय का? मी नीट बघितलं. तीच गोल टाळू, मानेवर तीच आडवी घडी, चिकटलेल्या पाळ्यांचे तेच कान. मला खोटं बोलायची गरजच नव्हती.

"डिट्टो आबा," मी म्हणालो.

त्याने दोन्ही हात वर नेले आणि ते डोकं सगळीकडून चाचपून पाहिलं. मग तो उठला आणि आंघोळीला पाण्यात उतरला.